खरखर घालवण्याची नोकरी

निवृत्त माणसाला लोक "आपण काय करत होता?" असं आवर्जून विचारतात आणि उत्तर यायच्या आत स्वतःच्या मुलाचं पॅकेज सांगू लागतात. त्यामुळे माझं उत्तर आजवर फार थोड्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आहे. मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लोकांच्या बोलण्यातली खरखर काढायचं काम करत होतो. हुद्द्याचं नाव 'कम्युनिकेशन ट्रेनर'. आमच्या शनिवार पेठेत त्याचं भाषांतर 'इंग्रजीची शिकवणी' असं झालं आणि शेजारच्या काकू "आठवीचं घेता का हो?" असं विचारून गेल्या.

त्याआधी मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. तिथे पोरं वर्गात नसायची आणि असली तर जागी नसायची. नव्वदीनंतर वारं बदललं. माळरानावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि ज्या पोरांना मी जेमतेम पास केलं होतं, ती गळ्यात पट्टा अडकवून एसी बसमधून जाऊ लागली. त्यांचं काम चोख असायचं. परदेशातला ग्राहक त्यांच्यावर खूश असायचा, पण ती तोंड उघडेपर्यंतच. मग कंपन्यांना आमच्यासारख्यांची आठवण झाली. मीही कॉलेजला रामराम ठोकला. घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्याला चळ लागला.

हे काम नेमकं काय, ते सांगतो. मराठीत आपण पाहुण्याला प्रेमाने "बस" म्हणतो, बहिणीला "पाणी दे गं" म्हणतो, मित्राला "मूर्खा, असं नाही, असं कर" म्हणतो. कोणाला काही लागत नाही, कारण सगळा गोडवा त्या 'गं'मध्ये आणि चेहऱ्यात असतो. तेच वाक्य इंग्रजीत नेलं की 'गं' सरहद्दीवरच राहतो आणि पलीकडे पोचतो तो नुसता हुकूम. आमची मुलं इंग्रजी शब्द मराठी हाडांवर चढवत. इंग्लंडातल्या माणसाला वाटे, हा आपल्याला दरडावतोय.

मी त्यांना उशा द्यायचो. 'परहॅप्स', 'आय वंडर इफ', 'वुड इट बी पॉसिबल टू' या शब्दांना मी वर्गात उशाच म्हणायचो. प्रत्येक वाक्याच्या डोक्याखाली एक उशी हवी. "हे चुकलंय" असं म्हणायचं नाही, "इथे आणखी एकदा पाहता येईल का" असं म्हणायचं. 'नाही' हा शब्द तर शक्यतो वापरायचाच नाही. ग्राहकाशी स्पीकरफोनवर बैठक असली की मी टेबलाच्या कोपऱ्यावर बसायचो. कोणाचा आवाज चढू लागला, की तान्ह्या बाळाला थोपटावं तसा तळहात हळूच खाली आणायचो. मुलं त्याला 'सरांचा ब्रेक' म्हणत. तो ब्रेक उत्तम लागायचा आणि मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करायला हरकत नाही.

माझ्याकडे शिकायला येणारी मंडळी एकेक नमुनेदार. परचुरे नावाचा एक होता, आमच्याच पेठेतला. ग्राहकाने एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, तेव्हा याने मेलवर एवढंच कळवलं: "उत्तर वर दिलेले आहे. वर पाहावे." दुकानावरची पाटीच ती. ग्राहकाची तक्रार आली. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर सबनीस यांनी ती मेल कँटीनमध्ये मोठ्याने वाचून दाखवली आणि अख्खं कँटीन हसलं. "पुणेरी आहे तो, चालायचंच!" असं म्हणत त्यांनी परचुरेच्या पाठीवर थाप मारली आणि उपचार म्हणून त्याला माझ्याकडे पाठवलं. तो येऊन म्हणाला, "सर, तुम्हीही पेठेतलेच ना? मग मला काय शिकवणार?" खरं म्हणजे मला आतून गुदगुल्याच झाल्या. आपल्या गावचा तिखटपणा विलायतेत पोचल्याचा आनंद.

पुढच्याच पंधरवड्यात सबनीसांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हातात कागद होता आणि कपाळाला आठ्या.

"सर, ही अ‍ॅस्पेरिटी म्हणजे काय हो? मेडिकल काही आहे का?"

इंग्लंडमधली एक कंपनी आमची ग्राहक होती. थंडीत लोकांची घरं गरम ठेवणारी यंत्रं ती दुरुस्त करून द्यायची. कोणत्या मिस्त्रीने कोणत्या दिवशी कोणाच्या घरी जायचं, हे ठरवणारी नवी प्रणाली आमच्याकडे तयार होत होती. तिथल्या साहेबाने कळवलं होतं, की आपल्याकडच्या, प्रणालीतल्या चुका शोधणाऱ्या टेस्टर बाई रोहिणी गायकवाड यांचं काम उत्कृष्ट आहे, मात्र त्यांच्या बोलण्यात काहीशी अ‍ॅस्पेरिटी जाणवते.

"म्हणजे उर्मटपणा," सबनीसांनी निकाल दिला.

"नव्हे," मी म्हणालो. शब्द हाती आला की मास्तर जागा होतो. "लॅटिनमध्ये 'अ‍ॅस्पर' म्हणजे खरखरीत. झाडाची साल, दगडगोट्यांची जमीन, रंधा न मारलेलं लाकूड. हाताला जे टोचतं ते. मग माणसाच्या वाट्याला आलेल्या खडतर दिवसांनाही तो शब्द लावायला लागले आणि पुढे आवाजाला, स्वभावाला. 'एक्झॅस्परेट' करणं म्हणजे एखाद्याला वैतागून सोडणं, तो शब्दही याच घरातला. उर्मट माणूस समोरच्याला कमी लेखतो. इथे तसं काही नाही. लाकूड कुणाचा अपमान करत नाही, त्याला फक्त कोणी तासलेलं नसतं."

"व्युत्पत्ती तुमच्याकडे ठेवा सर, अ‍ॅस्पेरिटी तेवढी काढून द्या," सबनीस म्हणाले. "नवीन वर्षात तिला इंग्लंडला पाठवायचंय. पुन्हा असं काही आलं, तर मी दुसऱ्या कोणाला पाठवीन. तिला तसं सांगितलंय मी."

रोहिणी आली ती सरळ खुर्ची ओढून बसली. वारज्याची मुलगी, वडील टेलिफोन खात्यात. शिकली होती मेकॅनिकल इंजिनिअरिंग आणि त्या वेळच्या निम्म्या मेकॅनिकलवाल्यांसारखी कॉम्प्युटरवर येऊन पडली होती. घरातून परदेशी जाणारी ती पहिलीच असणार होती. पासपोर्ट काढून झाला होता आणि आईने थंडीचे कपडे घ्यायलाही सुरुवात केली होती. हे सगळं तिने मी न विचारता, एका दमात सांगितलं.

"तुम्हाला तो शब्द माहीत आहे, सर?" तिने विचारलं.

मी पुन्हा साल, दगड, लाकूड सांगितलं.

"आम्हाला तो अभ्यासात होता," ती म्हणाली. "धातूचा पत्रा कितीही गुळगुळीत दिसू दे, सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर बारीक बारीक टेंगळं दिसतात. त्यांना अ‍ॅस्पेरिटी म्हणतात. दोन पत्रे एकमेकांवर ठेवले, की ते खरे टेकतात ते तेवढ्या टेंगळांवरच. बाकी सगळी मध्ये हवा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ते घासायला मला तुमच्याकडे पाठवलंय ना?"

मी हसलो. ती हसली नाही.

"सर, एक विचारते. परचुरेंनी ती मेल लिहिली तर ते पुणेरी. मी फोनवर 'हे चालणार नाही' म्हटलं तर मी उर्मट. असं कसं?"

मी तिला सांगितलं, की परचुरेलाही माझ्याकडे धाडलं होतं. ते खरंच होतं. पण परचुरेच्या पाठीवर थाप पडली होती आणि हिला ताकीद मिळाली होती, हा फरक माझ्या लक्षात आला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. लक्षात आला, आणि मी तो पुढच्या वाक्याने झाकला. माझ्याकडे अशा वाक्यांचा साठाच होता.

रोहिणी विलक्षण वेगाने शिकली. इतरांना उशा घ्यायला शिकवावं लागे, हिला कुठली उशी कुठे, हे एकदा सांगितलं की पुरे. वाक्याच्या मध्ये किती थांबायचं, 'आय सी' म्हणताना आवाज कुठे उतरवायचा, नकार कसा शेवटी आणि तोही आभारात गुंडाळून द्यायचा, सगळं तिने उचललं. महिन्याभरात साहेबाचं कौतुक आलं. सबनीसांनी मला पेढा दिला. एकदा ती सहज म्हणाली, "बाबा विचारत होते, तू हल्ली फोनवर कोणाच्या आवाजात बोलतेस?" मला ती दाद वाटली. मी तो किस्सा पुढे कितीतरी वर्गांना सांगितला.

डिसेंबरात प्रणाली सुरू व्हायची होती. त्याआधी शेवटची बैठक स्पीकरफोनवर झाली. आमची दुपार, त्यांची सकाळ. टेबलाभोवती सबनीस, परचुरे, रोहिणी आणि कोपऱ्यात मी. तिकडून साहेबाने विचारलं, "सोमवारी सुरू करायचं ना? सर्वांची संमती?"

सबनीस हो म्हणाले. परचुरे हो म्हणाला. रोहिणी खुर्चीत पुढे सरकली. तिच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. श्वास घेऊन तिने "नो" म्हटलं.

माझा हात खाली गेला. विचार करून गेला नाही. इतक्या वर्षांच्या सवयीचा हात तो, आवाज ऐकला की आपोआप चालायचा. तिने माझ्याकडे पाहिलं. टेबलापलीकडून सबनीसही तिच्याकडे पाहत होते. मग अतिशय सुरेख आवाजात तिने जे सांगितलं, त्याचा मराठीत अर्थ असा: "नाही म्हणजे, एकूण फारच छान झालंय. कदाचित जुन्या ग्राहकांच्या नोंदींकडे सवडीने आणखी एकदा पाहता आलं, तर कदाचित बरं होईल, असं मला वाटून गेलं."

"लव्हली," साहेब म्हणाला. "आम्ही नक्की ध्यानात ठेवू."

मी तिला मान डोलावून शाबासकी दिली. दोन उशा, दोन्ही जागच्या जागी. ती काय सांगत होती याकडे माझं लक्षच नव्हतं. माझं काम ती कसं सांगते, हे पाहण्याचं होतं.

तिला सांगायचं होतं ते असं. जुन्या संगणकातल्या नोंदी नव्यात आणताना, ज्यांचे पत्ते जुन्या पद्धतीने लिहिलेले होते ते ग्राहक गळून पडत होते. त्यांनी तक्रार नोंदवली तरी ती कुठल्याच मिस्त्रीच्या वाट्याला जात नव्हती. तिने हे आदल्याच दिवशी शोधून काढलं होतं आणि सबनीसांना सांगितलंही होतं. ते म्हणाले होते, "बैठकीत मांड, पण नीट मांड."

सोमवारी प्रणाली सुरू झाली. कडाक्याच्या थंडीत घर गरम ठेवणारं यंत्र बंद पडलं म्हणून काही म्हाताऱ्या माणसांनी फोन केले, त्यांना "येतो" असं उत्तर मिळालं आणि कोणीच आलं नाही. जुने ग्राहक म्हणजे बहुतेक म्हातारेच. साहेबाने नंतर सांगितलं, की एक आजीबाई ओव्हरकोट घालून, पायमोजे चढवून स्वयंपाकघरातल्या शेगडीजवळ बसून राहिल्या होत्या आणि शेवटी शेजाऱ्यांनी त्यांना आपल्या घरी नेलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही.

इंग्रजांबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. इंग्रज माणूस इंग्रज माणसाला 'कदाचित' म्हणाला, की ऐकणारा दचकतो. त्याला कळतं की आग लागली आहे. पण आपल्या तोंडचं 'कदाचित' त्याला नुसतं कदाचितच वाटतं. आमची मुलं त्यांच्यासारखं बोलायला शिकली, पण त्यांचे कान आम्हाला तसं ऐकत नव्हते. हे माझ्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हतं, कारण ते मलाच माहीत नव्हतं.

चौकशीची बैठक झाली. सबनीसांनी रोहिणीला विचारलं, "तुला माहीत होतं, तर स्पष्ट का नाही बोललीस?"

तिच्याआधी मीच म्हणालो, "सबनीस, ती 'नो' म्हणाली होती. मी हात खाली केला. तुम्ही समोर होतात."

"सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ते मवाळपणे म्हणाले. "ट्रेनिंग आपल्या जागी. टेस्टर ती आहे. नाही म्हणायची जबाबदारी तिची."

मी आवाज चढवला. माझ्या त्या नोकरीत पहिल्यांदाच. तिच्यावर ठपका ठेवलात तर मी नोकरी सोडून जातो, असंही म्हणालो. सबनीसांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी गेलो नाही. पुढे काही वर्षं तिथेच होतो, फक्त बैठकीत हात टेबलाखाली ठेवायचो.

रोहिणीला त्या कामावरून काढून दुसऱ्या, कोणाला नको असलेल्या प्रोजेक्टवर टाकलं. इंग्लंडला परचुरे गेला. तिथल्या लोकांना त्याचं थेट बोलणं फार आवडलं, असं सबनीस कौतुकाने सांगायचे.

एका रविवारी मी वारज्याला तिच्या घरी गेलो. का गेलो, ते तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. चूक कबूल करायला म्हणावं, तर ती बैठकीत सर्वांदेखत कबूल करून झाली होती. दार तिच्या वडिलांनी उघडलं. स्वच्छ पांढरा सदरा, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कपाटात पुस्तकं नीट लावलेली. "तिचे सर ना आपण? या," म्हणाले. पाणी दिलं. मग समोर बसले.

"एक बोलू का? राग मानू नका," ते म्हणाले.

"बोला ना."

"माझ्या वडिलांना गावात पाटलासमोर उभं राहायचं तर आधी चपला काढाव्या लागत. मग मान खाली. मग 'जी' म्हणायचं आणि मग काय सांगायचं ते सांगायचं. तोवर पाटील उठून गेलेला असायचा. छप्पन साली ते दीक्षा घेऊन आले आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या आम्हा भावंडांना त्यांनी काय सांगितलं असेल? म्हणाले, आजपासून ताठ उभं राहून बोलायचं. आधी 'जी' नाही, काही नाही. मी खात्यात तसाच बोललो, त्याचे चटके खाल्ले. पोरीलाही तेच शिकवलं. आणि तुम्ही, सर, तिला पुन्हा 'जी' म्हणायला लावलंत. इंग्रजीतून."

ते वर्मी लागलं. पण खोटं कशाला सांगू, ते ऐकून मला बरंही वाटलं. त्या महिन्याभरात माझ्याशी कोणी खरं बोललंच नव्हतं. सबनीस समजावत होते, सहकारी "होतं असं" म्हणत होते. या माणसाने एकही उशी न लावता मला सांगितलं आणि मी मान डोलावून ते घेतलं.

रोहिणी चहा घेऊन बाहेर आली. तिने सगळं ऐकलं असणार, घर लहान होतं.

"बाबा, असं नका म्हणू," ती म्हणाली. "सरांनी मला खूप चांगलं शिकवलं. मीच कमी पडले."

"रोहिणी," मी म्हणालो, "तू रागावली असशील तर मला सांग. तू पहिल्या दिवशी खुर्ची ओढून बसली होतीस ना, तसं सांग. चार शब्द बोल. मी ऐकायलाच आलोय."

तिने ट्रे खाली ठेवला. किंचित थांबली. नकाराआधी नेमकं एवढंच थांबायचं असतं.

"छे हो, सर. मला खरंच तसं काही वाटत नाही. उलट आपण आवर्जून एवढ्या लांब आलात, त्याचं फार बरं वाटलं. साखर कमी असेल तर सांगा हं."

आवाज अगदी मऊ होता. चेहऱ्यावर हसू होतं आणि ते डोळ्यांपर्यंत बरोबर पोचलेलं होतं. तिच्या वडिलांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मी तिच्याकडे बघत राहिलो, कुठे एखादा शब्द जरा तरी अडखळतो का ते शोधत राहिलो. मला माझ्या धंद्यातलं कळतं. कुठेच काही सापडलं नाही.

चहा पिऊन मी उठलो. ती खाली बस स्टॉपपर्यंत पोचवायला आली, बस येईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारत थांबली आणि बस हलली तेव्हा हात हलवला. ती माझ्यावर रागावली होती की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही.